आठ्या काय मोजतो?

"तुमचा आठ्या सारखा आठ-आठ का करतो? त्याला नऊ येत नाही का?"

हा प्रश्न माझा नव्हता. ओवी घैसास आणि सानिया मुजावर, माझ्या दोन जिवलग मैत्रिणी, यांनी सहलीच्या बसमध्ये पैज लावली होती. "किमया, सगळ्यांसमोर माइकवर हे विचारलंस तर तुझ्या विज्ञानाच्या वहीतल्या सगळ्या आकृत्या आम्ही काढणार." बिचाऱ्यांना वाटलं मी टरकेन. वर्षभरापूर्वीची किमया बच्छाव टरकली असती. हजेरीला नुसतं 'उपस्थित' म्हणायचं तरी तिला आधी दोनदा खाकरावं लागायचं. पण आताची मी म्हणजे आंतरशालेय वादविवादात दुसरी, परिपाठात बातम्या वाचणारी, आणि माइक दिसला की हात आपोआप वर जाणारी. मी वेणी मागे टाकली, उभी राहिले आणि विचारून मोकळी झाले.

अख्खा हॉल खदखदला. मला काय मस्त वाटलं म्हणून सांगू!

आमची नववीची सहल बावधनला 'कवडसा गेम्स'च्या स्टुडिओत गेली होती. 'काजवेगड' हा खेळ यांचाच. तीन भाग आले, तिन्ही आमच्या पिढीला तोंडपाठ. अंधारलेला गड, त्यावर हरवलेली गावं, बोलणारे बुरूज, आणि तुम्ही उजेड गोळा करत वर चढायचं. तिसऱ्या भागात आठ्या आला. बुटका, केसाळ, सुपाएवढ्या कानांचा प्राणी. कुठल्याही वळणावर झुडपातून उडी मारतो, दोन्ही हात हलवतो आणि ओरडतो, "आठ! आठ! ये ये ये!" आपण त्याला काठी हाणायची. तो कोलांट्या खात जातो, त्याच्या पिशवीतून आठ काजवे उडतात आणि पुढची वाट उजळते. दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या शाळेत जो कोणी गावाकडचं बोलेल, बावळटासारखं वागेल, तो आठ्या. "ए आठ्या, डबा उघड." असं.

मंचावर होत्या शाल्मली बर्डे. पात्रं घडवणाऱ्या विभागाच्या प्रमुख. आखूड केस, पायात कोल्हापुरी, आणि 'मॅडम नको, ताई म्हणा' हे त्यांनी आल्या आल्याच सांगितलेलं.

"छान प्रश्न," त्या म्हणाल्या. "खरं सांगू? आठ्याला आम्ही एकही वाक्य लिहून दिलेलं नाही."

मग त्यांनी समजावलं. पूर्वी खेळातल्या पात्रांचे संवाद माणसं बसून लिहायची. ती पात्रं ठरलेलंच बोलायची, दहाव्यांदा ऐकलं की कंटाळा. कवडसाने वेगळं केलं. त्यांनी चाचणीसाठी साठ घरं निवडली आणि प्रत्येक घरात एक 'कान' ठेवला. वाटीएवढं यंत्र. खेळ चालू असताना ते खोलीतलं बोलणं ऐकतं. पण आपण ऐकतो तसं नाही. आपण आधी अर्थ पकडतो, यंत्र आधी चाल पकडतं. कुठे आवाज चढला, कुठे श्वास घेतला, कुठला शब्द लांबवला. त्या चालीचे छोटे तुकडे करून ते खेळातल्या पात्रांच्या तोंडी घालून बघतं. कधी पहारेकऱ्याच्या, कधी चेटकिणीच्या. मग खेळणाऱ्याला तीन शिक्के दिसतात, हसू, धाक आणि माया. तुम्ही जो दाबाल त्या जातीच्या पात्राकडे तो तुकडा जातो. असे हजारो तुकडे एकावर एक बसत गेले की पात्राला स्वतःची बोलण्याची तऱ्हा येते.

"आणि अर्थ?" सानियाने बसल्या जागेवरून विचारलं.

"अर्थाचा यंत्र अंदाज बांधतं. तो आवाज कशाच्या आसपास येतो ते बघतं. या तुकड्यात त्याला 'आठ' ऐकू आलं. आणि हा तुकडा रोज संध्याकाळी आठच्या ठोक्याला यायचा. दोन पुरावे जुळले, यंत्राची खात्री झाली. आठ हा याचा लाडका आकडा. म्हणून काजवेही आठच." ताई हसल्या. "कुणाच्या तरी घरी आठला काहीतरी मोजत असतील. मूळ तुकडा ऐकायचाय? घर ओळखू येऊ नये म्हणून आवाज बदललेला आहे. शब्द आणि चाल मात्र तीच."

"होऽऽ!" सगळे ओरडले. सगळ्यात मोठ्याने मी.

भिंतीतून एक बारीक, कार्टूनसारखा आवाज आला.

"आठे ये व माय, जेवी ले."

हॉल फुटला नुसता. मुलं बाकांवरून घरंगळत होती. ओवी माझ्या खांद्यावर डोकं आपटत म्हणाली, "जेवी ले! अगं जेवी ले म्हणे!"

आवाज कितीही बदला. 'माय'वर जो हलका हेलकावा होता, दार हळूच ढकलावं तसा, तो जगात एकाच माणसाचा आहे. माझ्या आप्पांचा.

आणि मी हसले. हे मला लिहायलाच हवं. मला हसू आलं नव्हतं, तरी मी हसले, ओवीपेक्षा मोठ्याने, दात दाखवून, टाळी देऊन.

"घर क्रमांक एक्केचाळीस," ताई सांगत होत्या. "इथल्या खेळाडूने या चालीवर दोनशे बारा वेळा 'हसू' दाबलंय. यंत्राला विनोद कळत नाही, बरं का. त्याला कुणीतरी शिकवावं लागतं."

एक्केचाळीस नंबरचा कान माझ्या अभ्यासाच्या टेबलावर आठ महिने होता.

*

आम्ही बागलाणातले, सटाण्याकडचे. मी चौथीत असताना पुण्याला आलो. आप्पा लिफ्ट दुरुस्त करतात. हल्लीच्या लिफ्टा स्वतःच सांगतात मला काय दुखतंय ते, तरी त्यांच्या पोटात शिरायला माणूस लागतोच. मम्मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये आहे. ती बाहेर अगदी पुस्तकासारखं बोलते. आप्पांना ते जमलं नाही, किंवा त्यांना त्याची गरज वाटली नाही. ते घरात आणि दारात सारखेच. अहिराणीत 'आठे' म्हणजे 'इथे'. 'आठे ये व माय, जेवी ले' म्हणजे 'इकडे ये गं बाई, जेवून घे'. संपला विषय. त्यात कसला आकडा नि कसलं काय!

चाचणीत माझी निवड झाली तेव्हा मी फार बुजरी होते. पण काजवेगडावर तोंडाने बोलावं लागतं. दार उघडायचं तर पहारेकऱ्याला पटवून द्यायचं, सैन्य हलवायचं तर हुकूम सोडायचा. अडखळलात तर ते वाट बघतात, हसत नाहीत. रोज दोन तास मी सेनापती असायचे. मार्गशीर्षापर्यंत माझी जीभ अशी मोकळी झाली की वर्गात बाई म्हणाल्या, "बच्छाव, आता दुसऱ्यांनाही बोलू दे." तो खेळ मला बोलायला शिकवत होता. आणि त्याच टेबलावर मी त्याला काय शिकवत होते?

सुरुवात कशी झाली ते मला नीट आठवतं. मी फोनवर ओवीशी बोलत होते. बाहेरून आप्पांची हाक आली. ओवी फसकन हसली. "कोण गं ते? काय बोलतायत?"

"शेजारचे काका आहेत," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खेळात बुरुजावरचा म्हातारा पहारेकरी मला एकदम म्हणाला, "आठे ये व माय." मी दचकलेच. कुणी ऐकेल असं वाटून आवाज कमी केला. शिक्के समोर आले. हसू, धाक, माया. मी हसू दाबलं. दुसरं कुणी हसायच्या आत आपण हसून घेतलेलं बरं, असं काहीसं डोक्यात होतं. मग आधीचे साठलेले तुकडेही येत गेले आणि मी रोजच दाबत गेले. बोटाला सवय लागली. पुढे आठ्या 'आठ! आठ!' करत आला, तेव्हा त्यातली हाक मला ओळखूही आली नाही.

दोनशे बारा वेळा.

*

सहलीहून घरी आले तेव्हा आप्पा आलेले होते. आठ वाजता ओट्यापाशी उभे राहून म्हणाले, "किमया, इकडे ये. जेवण तयार आहे."

प्रत्येक शब्द सुटा सुटा, फरशी बसवल्यासारखा. गेले दोनेक आठवडे ते असंच बोलत होते. आणि मला आणखी एक सांगायलाच हवं. ते असं बोलायला लागले तेव्हा मला बरं वाटलं होतं. मला वाटलं, चला, आप्पा सुधारले.

त्याच्या एकदोन दिवस आधी जेवताना ते म्हणाले होते, "सहा नंबरच्या सोसायटीतल्या पोरे माले आठ्या म्हनतस. लिफ्टमा बोट दाखाडीसन हसतस. कोन शे व हाऊ आठ्या?" मी आमटीत बघत म्हणाले होते, "असेल कुणीतरी कार्टून." आप्पाही हसले होते. "भला मानूस दिसस," म्हणाले होते.

त्या रात्री मी ताटातला भात नुसता इकडून तिकडे करत होते. कुणाला काहीच कळलं नव्हतं. कळणारही नव्हतं. घराला फक्त नंबर होता. आवाज बदललेला होता. ओवी आणि सानिया माझ्या आकृत्या काढणार होत्या. मी गप्प बसले असते तर काही म्हणजे काही बिघडलं नसतं. माझं.

*

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एकटीच बावधनला गेले. शाल्मलीताईंना सांगितलं, "मी एक्केचाळीस."

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "काल तूच विचारलंस ना?"

"हो. आणि तो आकडा नाहीये, ताई. 'आठे' म्हणजे इथे. तो मोजत नाहीये. तो बोलावतोय. जेवायला."

ताईंनी भिंतीवर आठ्याला उभा केला. आवाज बंद करून. तो झुडपातून उडी मारत होता, दोन्ही हातांनी ये ये करत होता, समोरून कुणीतरी काठी घालत होतं. पुन्हा उडी, पुन्हा ये ये, पुन्हा काठी.

"लाखो मुलांनी मारलंय याला," त्या हळू म्हणाल्या. "आमच्या विभागात अकरा जण आहेत गं. एकालाही कळू नये? कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. सगळ्यांना तो विनोदीच वाटला."

"मी हसू दाबलं म्हणून."

"तू दाबलंस. आम्ही पण तपासलं नाही." त्या माझी समजूत काढत नव्हत्या. ते मला आवडलं, आणि टोचलंही.

मग त्यांनी सांगितलं ते असं. चौथा भाग शनिवारी पक्का होणार. त्यात आठ्या मुख्य पात्रांपैकी एक. चौदा भाषांत जाणार. एकदा पक्का झाला की जिथे जाईल तिथे तो असाच, काठी खाणारा. त्याआधी दोन गोष्टी करता येतात. एक, घराने परवानगी मागे घ्यायची. मग ती चाल खेळातून पूर्ण जाईल, आठ्या मुका होईल, ते त्याला दुसरं काही शोधतील. दोन, शिक्के बदलायचे. पण त्यासाठी ज्याने दाबले त्यानेच सगळे तुकडे पुन्हा ऐकून एकेक करून नव्याने दाबावे लागतात. यंत्राला 'चुकलं' एवढं सांगून भागत नाही. ज्या वाटेने शिकलं त्याच वाटेने त्याला परत न्यावं लागतं. कुठलीही गोष्ट केली तरी सही हवी. चाचणीच्या अर्जावर ज्याची आहे त्याची.

अर्जावर आप्पांची आहे. "शाळेचं काम शे ना? दे," म्हणून त्यांनी न वाचता केलेली.

"आधी ऐकणार का?" ताईंनी विचारलं. "तुझ्याच घरचं आहे. तुला हक्क आहे."

त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन दिले आणि दार ओढून घेतलं. यातला आवाज बदललेला नव्हता.

पहिल्या काही तुकड्यांत आप्पा अगदी जवळ आहेत. दाराची कडी वाजते, चपला थांबतात, आणि कानाशी बोलल्यासारखं, "आठे ये व माय, जेवी ले." मग माझा आवाज, "आलेऽऽ," आणि मी जात नाही. मग पुन्हा तेच. एकदा लांबून मम्मी काहीतरी म्हणते, आणि आप्पा तिला दबक्या आवाजात सांगतात, "ऱ्हाऊ दे, अभ्यास करी ऱ्हायनी ती." मी तेव्हा चेटकिणीशी भांडत होते.

एकोणिसाव्या तुकड्यात ओवीचा फोन आहे. कडी वाजते, आप्पा हाक मारतात. मी म्हणते, "शेजारचे काका आहेत."

त्यानंतर काहीच नाही. मग चपला. लांब जाणाऱ्या.

मी तेव्हा दाराकडे पाठ करून बसले होते. मला वाटलं होतं, ते हाक मारून गेले असतील.

विसाव्यापासून हाक लांबून येते. दारातून नाही, ओट्यापाशी उभं राहून. कडीचा आवाज पुन्हा कधीच नाही. शब्द तेच, माय तीच, हेलकावाही तोच, फक्त मध्ये अख्खी बैठकीची खोली. एकशे त्र्याण्णव वेळा. माझ्या मैत्रिणींच्या कानावर जाऊ नये म्हणून माणूस एवढ्या लांबून हाक मारत होता, पण मारत होता. आणि प्रत्येक वेळी इकडे टेबलावर माझं बोट. हसू. हसू. हसू.

मी हेडफोन काढले तेव्हा माझे कान गरम झाले होते. ताईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी म्हणाले, "पुन्हा शिक्के दाबायला किती वेळ लागेल?"

"दोन दिवस. पण किमया, बदलायचं की काढूनच टाकायचं, हे तू एकटी ठरवू शकत नाहीस. आवाज तुझा नाही."

"माहीत आहे," मी म्हणाले. "मला फक्त माझं ठरवायचंय."

*

बसमध्ये सानियाचा निरोप आला. आठ्याचं चित्र, खाली 'जेवी ले!!!' आणि ओवीचे हसून लोळणारे सहा चेहरे. माझं बोट सवयीने हसऱ्या चेहऱ्याकडे गेलं. मी फोन दप्तरात टाकला आणि चेन लावली.

घरी आले तर मम्मी कणीक मळत होती. "मम्मी, तुला लॅबमध्ये कधी कुणी हसलं होतं?" मी विचारलं.

तिने वर बघितलं नाही. "पहिल्या आठवड्यात. एका आजोबांना म्हटलं, आठे हात ठेवा. त्यांनी विचारलं, आठ हात कुठून आणू?" ती थोडी हसली, मग हसायची थांबली. "त्या दिवसापासून इकडे, इथे. का गं?"

"काही नाही. आज ताटं मी घेते."

मी तीन ताटं मांडली. पाणी भरलं. आप्पा गॅलरीत हातोड्याचा दांडा कानशीने घासत बसले होते. भिंतीवरच्या घड्याळात आठला पाच कमी होते. मी माझ्या खोलीच्या दाराशी गेले, जिथे ते आधी उभे राहायचे तिथे, आणि कडी वाजवली.

"आप्पा! मम्मी! आठे या. जेवी ल्या."

माझं अहिराणी इतकं गंजलेलं होतं की 'ल्या' वर जीभ अडखळली. आप्पांच्या हातातली कानस थांबली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मम्मीकडे, जणू हाक कुणी दुसऱ्यानेच मारली होती.

"काय व्हयनं व माय?" ते म्हणाले. मग लगेच सावरून, "म्हणजे, काय झालं?"

"आधीचंच बोला, आप्पा."

ते ताटावर बसले. मी बसले नाही. वादविवादात उभं राहून बोलायची सवय झाली आहे, पण तिथे समोर आप्पा नसतात. मी सगळं सांगितलं. कान, शिक्के, हसू, दोनशे बारा. आठ्या कोण ते. सोसायटीतली मुलं त्यांना बघून का हसतात ते. एकोणिसावा तुकडाही सांगितला. मम्मीने पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं. आप्पा भाकरीच्या कडेवरून बोट फिरवत होते, गोल गोल.

"माले माहीत व्हतं," ते म्हणाले. "काकानं. बाकीनं नही." म्हणजे शेजारचे काका म्हटलेलं त्यांनी तेव्हाच ऐकलं होतं. मग म्हणाले, "तुनी मैत्रीण हसनी व्हती ना? मंग तू तरी काय करशी."

रागावले असते तर बरं झालं असतं.

मी दप्तरातून कवडसाचा कागद काढून त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. "हा अर्ज, आप्पा. या वेळी वाचा. वर सही केलीत तर तुमचा आवाज खेळातून निघून जाईल. खाली केलीत तर राहील, आणि मी दोन दिवस बसून सगळे शिक्के पुन्हा दाबीन. काहीच नाही केलंत तर आहे तसं. त्यातलं काय करायचं ते तुमचं. मी काही म्हणणार नाही."

"आनि तू?" आप्पांनी विचारलं.

"माझं मी ठरवलंय. मम्मी, तूपण ऐक. उद्या परिपाठात बातम्या वाचायची पाळी माझी आहे. पहिली बातमी मी आपली सांगणार. ओवी असेल, सानिया असेल, सगळी शाळा असेल. मी सांगणार की घर क्रमांक एक्केचाळीस हे आमचं घर आहे, आठ्याला हसायला जगाला मी शिकवलं, आणि तो आकडे मोजत नाही, जेवायला बोलावतो. आणि ओवीकडे बघून सांगणार, त्या दिवशी फोनवर शेजारचे काका नव्हते. माझे आप्पा होते."